मॅक्रोने टाकलेली एक्सेल कॉमेंट अर्धवट येते: २५५, १०२४ आणि इतर मर्यादांचे समस्या निवारण

मॅक्रो चालतो, सेलच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण दिसतो, पण कॉमेंट उघडली की मजकूर मध्येच तुटलेला असतो. मग मजकुराचे तुकडे करून लूपमध्ये भरण्याचा कोड कुठून तरी आणला जातो, आणि पुष्कळदा त्यानंतरही मजकूर तुटलेलाच राहतो. याचे कारण असे की बहुतेक वेळा कॉमेंटने मजकूर कापलेलाच नसतो. तो आधीच कापला गेलेला असतो, किंवा पूर्ण असूनही दिसत नसतो. म्हणून तुकडे करण्याचा उपाय खाली बराच नंतर येतो. त्याआधीच्या तपासण्या पाच-दहा मिनिटांत होतात आणि त्यांना काहीच खर्च नाही.

मेथड आणि प्रॉपर्टींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहिण्याची भाषा, हिच्या एडिटरमध्ये ऑब्जेक्टनंतर टिंब दिले की त्यांची यादी समोर येते, तिथून निवडा.

लक्षणे

खालीलपैकी तुमचे लक्षण नेमके कोणते आहे ते आधी ठरवा. दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाचे मूळ वेगळे आहे.

- कॉमेंटचा चौकोन भरलेला दिसतो आणि शेवटची ओळ अर्धी कापलेली असते.
- मजकूर वाक्याच्या मध्येच, अगदी शब्दाच्या मध्येही संपतो. प्रत्येक सेलमध्ये तो साधारण तेवढ्याच लांबीवर तुटतो.
- तुटण्याची लांबी प्रत्येक सेलमध्ये वेगळी असते.
- मॅक्रो रन-टाइम एरर १००४ देऊन थांबतो.
- मॅक्रो रन-टाइम एरर ६, म्हणजे ओव्हरफ्लो, देऊन थांबतो.
- पूर्ण मजकुराऐवजी फक्त शेवटचा तुकडा उरतो, किंवा तुकड्यांच्या सांध्यावर एखादे अक्षर भलत्याच जागी जाते.
- कॉमेंट वाचायला गेल्यावर तुमच्या मजकुराच्या आधी, ही थ्रेडेड (उत्तरे देता येणारी) कॉमेंट आहे अशा अर्थाची इंग्रजी सूचना मिळते.
- कॉमेंटमध्ये किंवा मेसेज बॉक्समध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

काहीही करण्याआधी फाइलची प्रत काढा आणि काम प्रतीवरच करा. मॅक्रो चालला की एक्सेलची अनडूची यादी पुसली जाते, त्यामुळे चुकून पुसलेल्या कॉमेंट कंट्रोल-झेडने परत येत नाहीत.

तपासणी १: मजकूर खरोखर तुटला आहे का?

सेलवर राइट-क्लिक करून नोट एडिट करा, मजकुरात क्लिक करा आणि कंट्रोल-एंड दाबा. कर्सर खाली सरकत गेला आणि उरलेला मजकूर दिसू लागला, तर काहीच तुटलेले नाही. चौकोन लहान आहे, इतकेच. जुन्या पद्धतीच्या कॉमेंटला, म्हणजे ज्याला नव्या एक्सेलमध्ये नोट म्हणतात तिला, स्क्रोलबार नसतो आणि कोडने मजकूर घातला तर तिचा चौकोन आपोआप वाढत नाही. या तक्रारीचे सर्वात नेहमीचे कारण हेच आहे. असे असेल तर थेट तपासणी ७ वर जा.

डोळ्यांवर विसंबू नका, मोजा. व्हीबीए एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडा आणि तिथे प्रश्नचिन्ह टाकून ॲक्टिव्हसेलच्या कॉमेंटच्या टेक्स्टची लेन, म्हणजे लांबी, विचारा. जो आकडा येईल तो लिहून ठेवा. मग मूळ मजकूर ज्या सेलमध्ये किंवा व्हेरिएबलमध्ये आहे त्याचीही लेन काढा.

दोन्ही आकडे सारखे आले तर कॉमेंट पूर्ण आहे. कॉमेंटचा आकडा थोडा जास्त असेल, तर नोट हाताने घातली होती का ते पाहा. हाताने नोट घालताना एक्सेल सुरुवातीला वापरकर्त्याचे नाव, कोलन आणि नवी ओळ घालते, आणि ती अक्षरेही मोजली जातात. कोडने नोट घालणारी ॲडकॉमेंट मेथड हे नाव घालत नाही.

देवनागरी मजकूर मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेन ही डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे ती स्वतंत्र धरते. ‘क्षत्रिय’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण लेन ८ सांगते: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. त्यामुळे २५५ ची मर्यादा मराठी मजकुराला डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरीच आधी लागते. ‘माझा मजकूर तर जेमतेम दीडशे अक्षरांचा आहे’ असे वाटत असेल, तरी मोजून पाहा.

तपासणी २: आकडा कोणाकडे बोट दाखवतो?

मोजलेली लांबी बहुतेक वेळा स्वतःच सांगते की मजकूर कुठे कापला गेला. अंदाजाने कोड बदलण्याआधी दोन मिनिटे या आकड्याकडे पाहा.

बरोबर २५५ आला तर संशयित अनेक आहेत. नोटटेक्स्ट ही जुनी मेथड एका वेळी २५५ अक्षरेच घेते. ॲक्सेसमधील शॉर्ट टेक्स्ट फील्ड २५५ वर संपते. एक्सेल फाइल डेटाबेससारखी वाचणारा ड्रायव्हरही लांब मजकूर २५५ वर कापू शकतो. शिवाय कोणी व्हेरिएबल ठरावीक लांबीची स्ट्रिंग म्हणून, म्हणजे स्ट्रिंगपुढे गुणाकाराचे चिन्ह आणि २५५ लिहून, जाहीर केले असेल तर तेही तिथेच कापते. या शेवटच्या प्रकाराची खूण सोपी आहे: अगदी छोट्या मजकुराचीही लेन २५५ च येते, कारण उरलेली जागा मोकळ्या स्पेसने भरलेली असते.

२५४ किंवा २५५ च्या आसपासचा आकडा आला आणि मजकूर इनपुटबॉक्समधून घेतला जात असेल, तर अडचण इनपुटबॉक्सची आहे. लांब टिपण भरून घेण्यासाठी तो बनवलेलाच नाही. युजरफॉर्मवर मल्टिलाइन चालू केलेला टेक्स्टबॉक्स ठेवा.

१०२४ च्या जवळ तुटतो असे वाटत असेल तर तुम्ही मजकूर पाहता आहात कुठे? मेसेज बॉक्स साधारण १०२४ अक्षरांपर्यंतच दाखवतो, नेमका आकडा अक्षरांच्या रुंदीनुसार थोडा बदलतो. कॉमेंट पूर्ण असते, तपासण्यासाठी लावलेला मेसेज बॉक्सच तिला कापून दाखवतो. पडताळणीसाठी मेसेज बॉक्स वापरू नका, इमिजिएट विंडोत लेन आणि शेवटची ५० अक्षरे छापा. शेवटची ५० अक्षरे राइट फंक्शनने मिळतात. ती मूळ मजकुराच्या शेवटाशी जुळली की प्रश्न मिटला. एक्सेल २००३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत सेलमध्ये ३२,७६७ अक्षरे मावत असली तरी ग्रिडवर १०२४ च दिसत, हेही जुन्या फाइल हाताळणाऱ्यांना ठाऊक असावे.

३२,७६७ ही सेलमधील मजकुराची कमाल लांबी आहे. एक्सएलएसएक्स-रायटर ही पायथन लायब्ररी कॉमेंटलाही सुमारे ३२ हजारांची हीच मर्यादा लावते. मजकूर त्याहून लांब असेल तर तिची राइट-कॉमेंट मेथड उणे २ हा आकडा परत करते आणि कॉमेंट लिहीत नाही. हा परत आलेला आकडा तपासला नाही तर स्क्रिप्ट बिनबोभाट पुढे जाते आणि कॉमेंट नसल्याचे फाइल उघडल्यावरच कळते.

लांबी प्रत्येक सेलमध्ये वेगळी असेल तर ती मर्यादा नव्हे. अशा वेळी मजकुरात शून्य क्रमांकाचे अदृश्य अक्षर आहे का ते इन्स्टर या शोध फंक्शनने शोधा. दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या मजकुरात ते आढळते. व्हीबीएची स्ट्रिंग ते सांभाळते, पण मेसेज बॉक्ससारख्या विंडोजच्या खिडक्या तिथेच मजकूर संपला असे मानतात. रिप्लेस वापरून ते काढून टाका.

तपासणी ३: मजकूर येतानाच कापलेला आहे का?

मूळ स्रोतातील लेन आणि व्हेरिएबलमधील लेन यांत फरक असेल तर कॉमेंटच्या कोडला हातही लावू नका. दोष वरच्या अंगाला आहे.

सेलमधून मजकूर घेताना व्हॅल्यू वापरा, टेक्स्ट नव्हे. सेलची टेक्स्ट प्रॉपर्टी पडद्यावर दिसते तेच देते. कॉलम अरुंद असल्यामुळे आकड्याच्या किंवा तारखेच्या जागी हॅश दिसत असतील तर कॉमेंटमध्येही हॅशच जातील.

मजकूर एडीओने, म्हणजे फाइल डेटाबेससारखी वाचणाऱ्या जोडणीने, दुसऱ्या वर्कबुकमधून येत असेल, तर ड्रायव्हर डीफॉल्टने पहिल्या ८ ओळी पाहून कॉलमचा प्रकार ठरवतो. त्या आठही ओळींत २५५ पेक्षा लांब मजकूर नसेल तर कॉलम साधा टेक्स्ट धरला जातो आणि खालच्या सर्व लांब नोंदी २५५ वर कापल्या जातात. म्हणूनच ‘काल चालत होते, आज नाही’ असे घडते: फक्त ओळींचा क्रम बदललेला असतो. सर्वात सोपा उपाय म्हणजे सर्वात लांब नोंद पहिल्या ८ ओळींत येईल असे सॉर्ट करणे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ड्रायव्हर बाजूला ठेवून वर्कबुक सरळ उघडणे आणि व्हॅल्यू वाचणे. रजिस्ट्रीत टाइपगेसरोज बदलूनही हे सुटते, पण तो बदल त्या संगणकावरील इतर कामांनाही लागू होतो. तो आयटी विभागाशिवाय करू नये.

ॲक्सेसमधील लाँग टेक्स्ट फील्ड पूर्ण मजकूर ठेवते, पण क्वेरीत ग्रुप बाय, डिस्टिंक्ट किंवा साधे युनियन असेल, किंवा त्या फील्डला फॉरमॅट दिलेला असेल, तर निकालात २५५ च अक्षरे येतात. युनियनच्या जागी युनियन ऑल केल्याने, किंवा ग्रुप बाय फक्त ओळख क्रमांकावर करून लांब फील्ड नंतर जोडल्याने हे थांबते.

लांब मजकूर थेट कोडमध्ये लिहायचा असेल तर तिथेही अडते. व्हीबीएत एका ओळीत १०२३ अक्षरे बसतात आणि अंडरस्कोरने ओळ जास्तीत जास्त २४ वेळा पुढे नेता येते. त्यापुढे एडिटर नकार देतो. मजकूर व्हेरिएबलमध्ये थोडा थोडा जोडत न्या, किंवा त्यापेक्षा चांगले म्हणजे तो एका लपवलेल्या शीटवर ठेवून वाचा. मराठीसाठी तर शीटवर ठेवून वाचण्याचाच मार्ग धरा. व्हीबीए एडिटर युनिकोड नाही, त्यामुळे त्यात देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हे होतात. सेलमधून वाचलेली देवनागरी मात्र कॉमेंटमध्ये व्यवस्थित जाते. व्हीबीएचा मेसेज बॉक्सही देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दाखवतो, त्यावरून मजकूर खराब झाला असे समजू नका.

तपासणी ४: नोट आहे की थ्रेडेड कॉमेंट?

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पिवळ्या चौकोनाला आता नोट म्हणतात, आणि उत्तर देता येणाऱ्या संवादाला कॉमेंट. व्हीबीएत मात्र नावे जुनीच राहिली: ॲडकॉमेंट नोट तयार करते आणि ॲडकॉमेंट-थ्रेडेड संवादाची कॉमेंट तयार करते. बराच गोंधळ इथूनच सुरू होतो.

सेलवर थ्रेडेड कॉमेंट असेल तर तिथे ॲडकॉमेंट चालत नाही, एरर १००४ येते. फाइलच्या आत थ्रेडेड कॉमेंट वेगळ्या भागात असतात आणि जुन्या आवृत्त्यांसाठी त्यांची एक प्रतिकृती जुन्या कॉमेंटच्या भागात ठेवलेली असते. त्या प्रतिकृतीच्या सुरुवातीला एक लांबलचक इंग्रजी सूचना असते: तुमची आवृत्ती ही कॉमेंट वाचू शकते, पण केलेले बदल नव्या आवृत्तीत फाइल उघडल्यावर काढले जातील, अशा अर्थाची. ओपनपायएक्सएल ही पायथन लायब्ररी किंवा जुनी एक्सेल हीच प्रतिकृती वाचते. हे दिसले तर त्यावर स्क्रिप्टने काहीही लिहू नका. ते टिकणार नाही.

लांब, संदर्भासारखा मजकूर असेल तर नोटच निवडा. थ्रेडेड कॉमेंटला तिच्या लेखकाचे नाव आणि वेळ चिकटलेली असते. ती पुसून स्क्रिप्टने पुन्हा घातली तर सगळ्या संवादावर स्क्रिप्ट चालवणाऱ्याचे नाव आणि आजची वेळ येते. कोणी काय मान्य केले याची नोंद म्हणून त्या कॉमेंट वापरल्या जात असतील, तर हे नुकसान भरून येत नाही.

तपासणी ५: एरर १००४ चे साधे तीन प्रकार

सेलवर आधीच नोट असताना पुन्हा ॲडकॉमेंट केले की १००४. म्हणून आधी सेलची कॉमेंट नथिंग (म्हणजे नोट नाही) आहे का ते पाहा. असेल तर ॲडकॉमेंट करा, नसेल तर कॉमेंटच्या टेक्स्ट मेथडने मजकूर बदला. सरसकट क्लिअरकॉमेंट्स करून नव्याने घालण्याची सवय धोक्याची आहे, त्यात दुसऱ्या कोणी लिहिलेले टिपणही जाते.

एकापेक्षा जास्त सेलच्या रेंजवर ॲडकॉमेंट केले तरी १००४. एका वेळी एकच सेल द्या. मर्ज केलेल्या सेलसाठी मर्जएरियातील पहिला सेल घ्या.

शीट प्रोटेक्ट केलेली असेल आणि ऑब्जेक्ट बदलण्याची मुभा दिलेली नसेल तरी तीच एरर. सेल अनलॉक असून उपयोग नाही, कारण कॉमेंट हा ऑब्जेक्ट आहे. पासवर्ड तुमच्याकडे असेल तर मॅक्रोच्या सुरुवातीला अनप्रोटेक्ट आणि शेवटी पुन्हा प्रोटेक्ट करा. मध्ये एरर आली तरी पुन्हा प्रोटेक्ट होईलच अशी एरर हाताळणीची सोय ठेवा, नाहीतर शीट उघडी राहते.

ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट लिहून १००४ दाबून टाकणे हा उपाय नव्हे. त्यामुळे शंभरपैकी काही सेलवर कॉमेंट गेलीच नाही हे कोणालाच कळत नाही, आणि पुढे ‘काही ठिकाणी मजकूर तुटतो’ अशी संदिग्ध तक्रार येते.

तपासणी ६: आता तुकड्यांचा उपाय

इथपर्यंत येऊनही मजकूर कॉमेंटमध्ये शिरतानाच कापला जात असेल, तर आधी मेथड बदला. कोडमध्ये नोटटेक्स्ट दिसली तर ती काढून ॲडकॉमेंट आणि टेक्स्ट वापरा. बरेचदा तेवढ्यानेच काम होते. नोटटेक्स्ट ठेवणे भागच असेल तर ती तुकड्यातुकड्यानेच चालवावी लागते: पहिली २५५ अक्षरे एकदा, मग पुढची प्रत्येक वेळी २५५ पर्यंत. जुन्या आवृत्त्यांत टेक्स्टबॉक्सच्या कॅरेक्टर्स ऑब्जेक्टलाही हीच २५५ ची अडचण आहे, आणि तिथेही हाच उपाय लागतो.

तुकडा २५० अक्षरांचा धरा. २५५ पर्यंत ताणण्यात काहीच मिळत नाही, आणि पाच अक्षरांची सूट हिशेब सोपा ठेवते. क्रम असा:

१. पूर्ण मजकूर एका स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये घ्या. त्यातील कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड अशी जोडी रिप्लेसने नुसत्या लाइनफीडमध्ये बदला. कॉमेंटमध्ये ओळ तोडण्यासाठी लाइनफीड पुरेसे असते. जोडी ठेवली तर प्रत्येक ओळीमागे एक अक्षर फुकट मोजले जाते आणि काही ठिकाणी छोटा चौकोन दिसतो.

२. जागा मोजणारे व्हेरिएबल लाँग प्रकारचे घ्या. इंटिजर ३२,७६७ पर्यंतच जातो, आणि लूपने शेवटी त्यात २५० मिळवले की तो ओलांडला जाऊन ओव्हरफ्लोची एरर ६ येते.

३. मिडने पहिली २५० अक्षरे काढून ॲडकॉमेंट करा.

४. पुढचा प्रत्येक तुकडा कॉमेंटच्या टेक्स्ट मेथडने जोडा. स्टार्टमध्ये, म्हणजे कुठल्या जागेपासून लिहायचे तिथे, कॉमेंटच्या सध्याच्या टेक्स्टची लेन अधिक १ द्या आणि ओव्हरराइट स्पष्टपणे फॉल्स लिहा.

५. लूप संपल्यावर कॉमेंटची लेन मूळ स्ट्रिंगच्या लेनशी ताडून पाहा. जुळली नाही तर सेलचा पत्ता एका यादीत नोंदवा.

उदाहरणार्थ ६१२ अक्षरांचा मजकूर असेल तर तुकडे २५०, २५० आणि ११२ असे पडतात, आणि ते १, २५१ व ५०१ या जागांपासून सुरू होतात. स्टार्टला २५१ ऐवजी २५० दिले तर दुसरा तुकडा २५० व्या अक्षराच्या आधी घुसतो आणि ते अक्षर ढकलले जाऊन शेवटी जाते. सांध्यावरचे अक्षर भलत्या जागी सापडते ते यामुळे. स्टार्ट दिलाच नाही तर आधीचा सगळा मजकूर पुसला जातो आणि फक्त शेवटचे ११२ उरतात.

स्टार्टचा आकडा दर वेळी कॉमेंटची प्रत्यक्ष लेन घेऊनच काढावा, तुमच्या मोजणीतून नव्हे. ओळींच्या खुणा एक्सेलने आत वेगळ्या साठवल्या तर तुमची मोजणी आणि कॉमेंटची लांबी यांत फरक पडतो, आणि तो दर तुकड्याला वाढत जातो. ओव्हरराइटच्या डीफॉल्टवरही विसंबू नका. ते एक शब्द लिहिण्याचे कष्ट पुढचे कित्येक तास वाचवतात.

तुकडा मात्रेच्या किंवा हलन्ताच्या मध्ये पडला तर चालते का? एकाच कॉमेंटमध्ये सलग जोडत असाल तर चालते, कारण जोडल्यावर अक्षरे पुन्हा शेजारी येतात आणि जोडाक्षर नीट दिसते. मजकूर दोन वेगळ्या कॉमेंटमध्ये किंवा सेलमध्ये विभागत असाल तर मात्र दुसऱ्या भागाची सुरुवात ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकणाऱ्या वेलांटीने होऊ शकते. तिथे तुकडा स्पेसवर तोडा: २५० व्या जागेपासून मागे सरकत इन्स्टररेव्हने शेवटची स्पेस शोधा. इमोजी मात्र बहुधा दोन किंवा अधिक एककांचे बनलेले असतात, ते कुठल्याही परिस्थितीत मधून तोडू नयेत.

ठळक अक्षरे किंवा रंग द्यायचा असेल तर सगळा मजकूर भरून झाल्यावर शेवटी द्या. मध्येच दिलेले फॉरमॅटिंग पुढच्या तुकड्यांना लागते आणि अर्धी कॉमेंट ठळक होते.

तपासणी ७: मजकूर पूर्ण, चौकोन अपुरा

कॉमेंटच्या शेपच्या टेक्स्टफ्रेमचे ऑटोसाइझ ट्रू केले की चौकोन मजकुराच्या मापाचा होतो. पण इथे एक खोच आहे. ऑटोसाइझ ओळी मोडत नाही. नवी ओळ नसलेला लांब परिच्छेद असेल तर चौकोन पडद्याबाहेर जाईल इतका रुंद आणि एका ओळीएवढा उंच होतो. म्हणून पुढचा हिशेब करावा लागतो: ऑटोसाइझ झाल्यावर रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून क्षेत्रफळ काढा, हवी ती रुंदी ठरवा, आणि क्षेत्रफळाला त्या रुंदीने भागून उंची मिळवा. त्यावर थोडी सूट द्या.

समजा ऑटोसाइझनंतर चौकोन ९०० पॉइंट रुंद आणि २६ पॉइंट उंच आला. क्षेत्रफळ २३,४००. रुंदी २५० ठेवली तर उंची ९३.६ येते. ती १.२ ने गुणून साधारण ११२ पॉइंट द्या. ही सूट लागते कारण ओळ शब्दावर मोडते आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला जागा वाया जाते. इंग्रजी मजकुराला १.१ पुरते. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांमुळे ओळ उंच होते, तिथे १.२ किंवा १.३ घ्या. रुंदी तीनशे पॉइंटपेक्षा जास्त आली तरच हा हिशेब लावावा. छोट्या कॉमेंटला ऑटोसाइझ तसेच ठेवलेले बरे.

चौकोन एकदा बरोबर असूनही काही दिवसांनी चपटा होतो का? शेपची प्लेसमेंट तपासा. ‘सेलबरोबर हलवा आणि आकार बदला’ असे असेल तर ओळी लपवल्या किंवा पुसल्या की चौकोनही आकसतो. एक्सएल-मूव्ह, म्हणजे २, ठेवले की तो फक्त हलतो.

पायथनने फाइल बनवत असाल तर आकार तिथेच द्यावा लागतो. एक्सएलएसएक्स-रायटरचा डीफॉल्ट चौकोन १२८ पिक्सेल रुंद आणि ७४ पिक्सेल उंच आहे. त्यात लांब मजकूर मावणार नाही हे उघड आहे, त्यामुळे विड्थ आणि हाइट द्या. ओपनपायएक्सएलची गोष्ट अधिक नाजूक आहे. फाइल वाचताना ती जुन्या कॉमेंटचा आकार, जागा आणि फॉरमॅटिंग सोडून देते. म्हणजे तुम्ही एका सेलमध्ये आकडा बदलून फाइल सेव्ह केली तरी सगळ्या कॉमेंटचे चौकोन लहान होतात. सेव्ह करण्याआधी प्रत्येक कॉमेंटची विड्थ आणि हाइट नव्याने द्या, किंवा कॉमेंट असलेल्या फाइलला त्या लायब्ररीने हातच लावू नका.

तपासणी ८: कॉमेंट ही योग्य जागा आहे का?

हजार-दीड हजार अक्षरांपलीकडचा मजकूर नोटमध्ये ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो मावतो, पण वाचता येत नाही. माउस सरकला की नाहीसा होतो, फिल्टरमध्ये येत नाही, आणि छापायचा तर पेज सेटअपमध्ये कॉमेंट शीटच्या शेवटी छापा असे मुद्दाम सांगावे लागते.

त्यापेक्षा ‘टिपणे’ नावाची वेगळी शीट करा. एका कॉलममध्ये ओळख क्रमांक, दुसऱ्यात सेलचा पत्ता, तिसऱ्यात पूर्ण मजकूर, रॅप टेक्स्ट चालू करून. मूळ सेलच्या नोटमध्ये पहिली २०० अक्षरे आणि शेवटी टिपणाचा क्रमांक ठेवा, आणि सेलवर त्या ओळीची हायपरलिंक द्या. मॅक्रो यामुळे लहान होतो आणि २५५ चा प्रश्नच उरत नाही. जुळणी ओळख क्रमांकावर करा, मजकुरावर नव्हे. व्हीलुकअप आणि मॅच यांना शोधायची किंमत २५५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही, ती व्हॅल्यूची एरर देतात.

डेटा व्हॅलिडेशनचा इनपुट मेसेज हा पर्याय काहीजण सुचवतात. त्याचीही मर्यादा २५५ च अक्षरे आहे, शीर्षकाला ३२, आणि एरर मेसेजला २२५. आखूड सूचनांसाठी तो उत्तम आहे, लांब टिपणांसाठी नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फाइल उघडताना एक्सेल ‘मजकुरात अडचण आढळली, दुरुस्त करू का’ असे विचारत असेल आणि दुरुस्तीच्या अहवालात कॉमेंटचा भाग काढल्याचे दिसत असेल, तर पुढे काहीही सेव्ह करू नका. एक्सएलएसएक्स ही मुळात झिप फाइल आहे. तिच्या आत कॉमेंटचा मजकूर एका एक्सएमएल भागात आणि चौकोनांची चित्रे दुसऱ्या भागात असतात. दोन्हींचा मेळ बिघडला की हे होते. न दुरुस्त केलेल्या प्रतीतून मजकूर बाहेर काढता येतो, पण दुरुस्त करून सेव्ह केलेल्या फाइलमध्ये तो नसतो. हे काम फाइलची आतली रचना माहीत असलेल्या माणसाकडेच द्या, आणि त्याला मूळ प्रतच द्या.

शीटचा किंवा व्हीबीए प्रोजेक्टचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर तो तोडण्याच्या मागे लागू नका. फाइलच्या मालकाकडून परवानगी घ्या.

लेखापरीक्षण, वैद्यकीय नोंदी किंवा करार यांच्या फाइलमधील कॉमेंट बदलायच्या असतील, तर स्क्रिप्ट चालवण्याआधी त्या नोंदींची जबाबदारी असलेल्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. तिथे मजकूर पूर्ण असणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोणी आणि कधी लिहिला हेही.

हजारो नोट असलेली फाइल एकाच वेळी अनेकजण उघडून बदलत असतील आणि रोज कुठली तरी नोट हरवत असेल, तर मॅक्रो सुधारून ते थांबणार नाही. त्या फाइलची प्रत, तिच्यातील नोटची संख्या, सर्वात लांब नोटची लेन, वापरात असलेल्या एक्सेलच्या आवृत्त्या आणि मॅक्रोचा कोड एवढे जमवा आणि डेटाबेसचे काम करणाऱ्याकडे न्या. एवढी माहिती हातात असली की तो पहिल्याच बैठकीत सांगू शकेल की टिपणे कुठे हलवायची आणि एक्सेलमध्ये काय ठेवायचे.